फक्त दिसणारे भाग

मंगळवार, १४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय खिळ्या,

तू मजेत असशील. प्रदर्शनात आपला स्टॉल कोपऱ्यावरचा, दोन बाजूंनी उघडा असा मिळाला, हे तुझ्या बायकोकडून कळलं. लोक चालता चालता थांबतात, पांढऱ्या दिव्यांखाली पलंग हवेत तरंगल्यासारखा दिसतो, असंही ती म्हणाली. छान. इकडे सगळं ठीक आहे. आईने काल स्वतःहून चहा मागितला आणि तो पाणचट आहे म्हणून नर्सला दोन शब्द ऐकवले, म्हणजे ती आपल्या वळणावर येते आहे. शेडचं छत गळत होतं, ते दुरुस्त झालं. डिझाइनमधली आपली चष्मेवाली रजेवर होती, ती आज कामावर आली. चाळीस पलंग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला लावून ठेवले आहेत. शुक्रवारी ट्रक येणार, असं फळ्यावर तुझ्या अक्षरात लिहिलेलं अजून तसंच आहे.

कागदावर लिहिते आहे याचं तुला नवल वाटेल. फोन केला की तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस आणि मागे कपबशा वाजत असतात. मेल तुझ्याआधी तुझी सेक्रेटरी वाचते. म्हणून हे पाकीट हॉटेलच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवते आहे. सही केल्याशिवाय ते तुझ्या हातात पडणार नाही, आणि सही केलीस की मिळालं नाही असं म्हणता येणार नाही. बघ, दुसऱ्याच परिच्छेदात मी वकिली करायला लागले.

खिळ्या म्हणून तुला आता आई आणि मी, दोघीच हाक मारतो. बाकीचं जग साहेब म्हणतं. लहानपणी तुझ्या चड्डीच्या खिशात कायम खिळे असायचे. कपडे धुताना आईची बोटं रक्ताळायची. मी म्हणायचे, 'त्याला दोन फटके दे की.' ती बोट तोंडात धरून म्हणायची, 'राहू दे गं, पोर काहीतरी बनवतंय.'

काल मामांचा फोन आला. हॅलो नाही की काही नाही.

"काय गं, आईला सांग तुझ्या, या वयात बटणांशी खेळू नये म्हणावं. रिमोट म्हणजे काय खुळखुळा आहे?"

मी म्हटलं, "मामा, तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"आता कुणी सांगायला हवं का? भाच्याने ग्रुपवरच टाकलंय. चुकीचं बटण दाबलं म्हणे." मग ते हसले. "पलंग तुमचा, आई तुमची, आणि पडली तीच! जाहिरात मात्र झकास झाली हो."

मामांना हसायला कारण लागत नाही, त्यांचं मी मनावर घेतलं नाही. पण फोन ठेवल्यावर ग्रुपवरचा तुझा मजकूर शोधून काढला. 'आईकडून चुकून चुकीचं बटण दाबलं गेलं. ती बरी आहे, काळजी नसावी. पलंग एकदम व्यवस्थित आहे.' शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आई पडल्याची बातमी देताना पलंग व्यवस्थित असल्याचं कुणाला कळवायचं होतं, खिळ्या? आत्याला? मामांना? त्यांच्यापैकी कोण चाळीस पलंग विकत घेणार होतं?

त्या बटणाकडे मी येणार आहे. आधी ऑफिसातली एक दुपार आठव. मी ती सविस्तर आणि सोप्या शब्दांत लिहिते, कारण तुला विकणं कळतं, मॉडेल कळत नाही. शिवाय हे पत्र तू वकिलाला दाखवशील, आणि त्यालाही कळायला हवं.

पलंगाचं मॉडेल संगणकाच्या पडद्यावर उघडं होतं. चौकट, गादी, उचलणारे दांडे, मोटर, चाकं, नटबोल्ट, सगळे भाग आपापल्या जागी. डावीकडे त्यांच्या नावांची उतरंड आणि प्रत्येक नावापुढे एक बारीकसा डोळा. डोळ्यावर टिचकी मारली की तो मिटतो आणि तो भाग पडद्यावरून जातो. जातो म्हणजे पुसला जात नाही. तो तिथेच असतो, त्याचं वजन एकूण वजनात धरलेलं असतं, फक्त दिसत नाही. कुठला भाग भरीव दाखवायचा, कुठला काचेसारखा, कुठला नुसत्या रेघांनी, कुठला अजिबात नाही, हे सगळं ठरवून त्याला एक नाव देऊन ठेवता येतं. कामासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे. मोटरचं काम करणाऱ्याला गादी मध्ये नको असते. मीच ऑफिसात ती पद्धत लावली होती: एक मांडणी 'पूर्ण' नावाची, एक 'जोडणी' नावाची. आणि एक नियम, बाबा होते तेव्हापासूनचा: कारखान्यात कागद जाण्याआधी सगळे डोळे उघडायचे, सगळं भरीव करायचं, आणि मग भाग एकमेकांत घुसतात का ते तपासायचं. 'दिवे लावा' म्हणायचे बाबा त्याला. त्यांना संगणक येत नव्हता, ते खुर्चीमागे उभे राहून म्हणायचे, 'लावले का दिवे? मग जाऊ दे.'

त्या दुपारी चष्मेवालीच्या खुर्चीमागे तू उभा होतास. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकासाठी चित्र हवं होतं. मी शेजारच्या टेबलावर होते, सगळं ऐकत होते.

"गादी जरा काचेसारखी कर. अजून. अजून थोडी. बस. बोल्ट सगळे घालव, पुरळ आल्यासारखे दिसतात. चौकटीला चांदीचा रंग दे. आता खालून फिरव... थांब. हे काळं काय लोंबतंय?"

"सर, तो खटका आहे. सुरक्षेचा."

"किती घाणेरडा दिसतो. काढ."

"काढू?" तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"अगं, काढ म्हणजे लपव. एवढी काय घाबरतेस, तुझी नोकरी नाही काढत आहे."

सगळे हसले. मी म्हटलं, "लपव, पण या मांडणीला वेगळं नाव दे. आणि ही कारखान्यात जाता कामा नये. हिच्यावरून कागद काढायचा नाही, तपासणी करायची नाही."

तू माझ्याकडे वळून हळूच टाळ्या वाजवल्यास. "झालं का भाषण? अध्यक्षांचे आभार कोण मानणार?"

पुन्हा सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. चित्र सुंदर झालं होतं. तुझी नजर चांगली आहे, कुठल्याही वस्तूतलं काय माणसाच्या मनात भरेल ते तुला मॉडेल न समजताही कळतं. बाबांनी जन्मभर स्टूल आणि ट्रॉल्या बनवल्या, त्यांच्या मालाचं चित्र काढावं असं कुणाला कधी वाटलं नाही. तुला वाटलं. हा तुझा गुण मी चारचौघांत बोलून दाखवला आहे आणि आजही नाकारत नाही.

चष्मेवालीने मांडणीला नाव दिलं: 'ग्राहक'.

पुढच्या आठवड्यात तू मला दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात खोल्यांची मोजमापं घ्यायला धाडलंस. तेवढ्या दिवसांत काय झालं ते मला आता चष्मेवालीने रडत रडत सांगितलं आहे. तू पुन्हा तिच्या खुर्चीमागे उभा राहिलास. वायरींची पेटी बाजूने दिसत होती, ती तुला नको होती. 'आत ढकल ना, एवढी जागा रिकामी आहे.' पडद्यावर ती जागा रिकामी दिसत होती, कारण खटक्याचा डोळा मिटलेला होता. तिने पेटी आत ढकलली. भाग एकमेकांत घुसतात का, ही तपासणीही तिने केली. हिरवी खूण आली. येणारच. ती तपासणी लपवलेल्या भागांना मोजत नाही. त्याच मांडणीवरून कारखान्याचे कागद काढले, आणि भागांची यादी काढताना 'फक्त दिसणारे भाग' या चौकोनातली खूण तशीच राहिली. तिने विचारलं होतं, 'सर, ताई आल्यावर काढूया का?' तू म्हणालास, 'ताई आली की पहिलं भाषण होईल, मग कागद निघतील. प्रदर्शन काय तिच्यासाठी थांबणार आहे?'

तर असा तो खटका गेला. कुणी काढला नाही, कुणी रद्द केला नाही, कुणी त्याच्याविरुद्ध मत दिलं नाही. कारखान्यात तो यादीतच नव्हता, म्हणून बनला नाही. आणि त्याच्या जागेवर आता दुसरंच कोणीतरी बसलेलं होतं.

तू म्हणशील, सुरू झालं ताईचं व्यासपीठ. हो, झालं. वाचनालयात बोलले, कारखान्यांच्या गेटवर बोलले, माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या पुढाऱ्यांना तोंडावर सुनावलं, आणि आज सख्ख्या भावापुढे गप्प बसू? इतिहासाची पुस्तकं मी थोडी वाचलेली नाहीत. माणसांचं सगळ्यात मोठं नुकसान तलवार घेऊन आलेल्यांनी जेवढं केलं, त्याहून जास्त नीटनेटक्या लोकांनी केलं. ज्यांना चित्रात काळं काही नको होतं त्यांनी. ते कुणाला मारत नाहीत. नजरेला खुपतं त्याच्यापुढचा डोळा मिटतात, आणि मग मिटलेल्या डोळ्यांनीच तपासणी करून म्हणतात, सगळं हिरवं आहे! आणि त्यांच्या खुर्चीमागे उभं राहून हसणारेही असतात. त्यात मी होते, चष्मेवाली होती. पण खुर्चीमागून हुकूम देणारा एकच होता.

चहा आला आहे. आई म्हणते तसाच पाणचट. थांबते.

बुधवार, सकाळ

काल पत्र बंद करून पाकिटात घालणार होते. घातलं नाही. वाचून पाहिलं तर जे लिहायचं ते सोडून बाकी सगळं लिहिलं होतं.

आई बरी नाही. चहाबिहा ठीक आहे, पण ती बरी नाही. खुब्याचं हाड मोडलं आहे हे तुला माहीत आहे, ऑपरेशन झालं तेही माहीत आहे. तू विमानतळावर गेल्यानंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते माहीत नाही, कारण मी तुला सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. ती पुन्हा मोकळी चालणार नाही. वॉकर धरून घरातल्या घरात, तेही जमलं तर. जिना नाही, बाजार नाही. शेडमध्ये येऊन कामगारांच्या बायकापोरांची नावं घेऊन चौकशी करणंही संपलं.

ती पडली त्या सकाळी घरी तू तिचा व्हिडिओ काढलास. 'आमच्या पहिल्या पलंगावर आमची आई.' तिने केस विंचरून घेतले होते, ठेवणीतलं नेसली होती. तू म्हणत होतास, 'आई, रिमोट धर. वर कर. हस ना, फोटो काय पासपोर्टचा आहे?' ती हसली. पलंग पूर्ण वर आला. तू शेजारच्या खोलीत जाऊन ते चित्रण बघत बसलास. मी स्वयंपाकघरात होते. तिला उतरायचं होतं. कडेला बसून ती पायाने चप्पल चाचपत होती, रिमोट मागे उशीवर पडला होता. उचलणाऱ्या दांड्याची पिन निसटली आणि पायाकडची बाजू एका झटक्यात खाली बसली. पिना कधीतरी निसटतात. म्हणून तर खटका असतो. पिन गेली तर तो दात्यात अडकून चौकट तिथल्या तिथे धरून ठेवतो. त्याला तेवढंच एक काम.

तिला उचलून गाडीत घातलंस ते तू. चप्पलही न घालता, अनवाणी धावलास. ते मी पाहिलं आहे, आणि कुणीही विचारलं तरी तेही सांगेन.

तुम्ही गेल्यावर मी तिची चप्पल शोधायला वाकले आणि पलंगाखाली गेले. फरशीवर उताणी पडून वर बघितलं. चौकटीला खटक्यासाठीची दोन भोकं होती, मी जिथे काढली होती अगदी तिथे. त्यांत दोन काळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या बसवलेल्या होत्या.

तशीच शेडमध्ये गेले. फिटरकाकांना विचारलं, "त्या टोप्या कुणी लावायला सांगितल्या?"

"साहेबांनी. भोकं उघडी दिसतात म्हणाले."

"भोकं कशाची ते नाही विचारलंत?"

"विचारलं की. म्हणाले, जुन्या डिझाइनची आहेत." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "का हो ताई? घरी सगळं ठीक ना?"

टोप्या लावायला सांगताना ती भोकं कशाची हे तुला माहीत होतं का, हे मी तुला विचारणार होते. विचारत नाही. काही उत्तरं ऐकून घ्यायची ताकद माझ्यात नाही, आणि हे मी पहिल्यांदाच कुणापुढे कबूल करते आहे.

पण त्यानंतरचं तर तुला माहीत आहे! हॉस्पिटलच्या जिन्यात मी तुला सगळं सांगितलं. खटका कुठेच नाही, चाळीसच्या चाळीस पलंगांत नाही. तू भिंतीला टेकलास. मला वाटलं, आता हा म्हणेल, थांबवा. माझ्या मनात पुढचं सगळं ठरून गेलं होतं, आपण दोघं मिळून काय काय करू ते.

तू म्हणालास, "आता बसवता येईल?"

मी म्हटलं, "नाही. तिथे वायरींची पेटी आहे. चौकटी कापून नव्याने कराव्या लागतील."

"म्हणजे शुक्रवार गेला."

"शुक्रवार कसला घेऊन बसलास? आई आत आहे!"

"हळू बोल, ताई. सभा नाहीये ही." मग अगदी शांतपणे, "स्टिकर लावू. 'पलंग वर असताना रुग्णाने कडेला बसू नये.' सगळ्या कंपन्या लावतात. पुढच्या मालात तुझा खटका घालू. शब्द देतो."

तुझा खटका! जणू मी माझ्या हौसेसाठी, दागिना म्हणून मागत होते तो.

हॉस्पिटलातल्या पलंगावर कोण झोपतं, खिळ्या? जो धड उठू शकत नाही तो. त्याने कडेला बसू नये, तर कुठे बसावं? त्याला पायथ्याशी येऊन तुझा स्टिकर वाचायला सांगणार आहेस का? आजारी माणूस सगळ्या जगात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास टाकतो, अंगाखालच्या पलंगावर. तेवढाही विश्वास विकून खाणार असू, तर ती शेड बाबांच्या नावाने चालू ठेवण्यापेक्षा तिला कुलूप लागलेलं बरं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. आई पडल्यापासूनचे तेरा दिवस नाही, अख्खं आयुष्य मी हेच बोलत आले आहे. फरक एवढाच की आजवर ते दुसऱ्यांच्या कारखान्यांबद्दल होतं.

आता आईचं. हे लिहायचं म्हणूनच काल पाकीट बंद झालं नाही.

काल संध्याकाळी डॉक्टर त्यांच्या कागदांसाठी विचारायला आले. 'आजी, नक्की कशा पडलात?' मी तिथेच उभी होते. आई म्हणाली, "मीच काहीतरी दाबलं. बटणं कळत नाहीत मला." आणि हसली. व्हिडिओत हसली होती तशीच.

डॉक्टर गेल्यावर मी दार लावलं. "आई, रिमोट उशीवर होता. तुझा हातही नव्हता त्याला."

"माहीत आहे मला."

"मग खोटं का सांगितलंस? त्याने शिकवलं?"

"तो कशाला शिकवेल? ग्रुपवर वाचलं मी. म्हटलं, त्याने एक सांगायचं आणि मी दुसरं, बरं दिसत नाही."

"अगं, चाळीस पलंग जाणार आहेत. त्यांच्यावर झोपणाऱ्यांचं काय?"

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "त्यांना मी जन्माला घातलेलं नाही."

खिळ्या, मी मोठमोठ्या सभांत भल्याभल्यांना निरुत्तर केलं आहे. पण आईपुढे मी जे बोलले ते कुठल्याही पुस्तकातलं नव्हतं. म्हटलं, "मला घातलंयस ना? माझ्या खटक्याला तो घाणेरडा म्हणाला, माझ्या डिझाइनवर प्रदर्शनात 'संकल्पना' म्हणून स्वतःचं नाव लावलंय त्याने, आणि उद्या कुणी मेलं तर कागदावर डिझाइनर म्हणून नाव माझं आहे. माझी आई कुठे आहे?"

तिने माझा हात शोधला, धरला. "तुला बोलता येतं गं. तू कुठेही निभावून नेशील. त्याला दुसरं काही येत नाही."

बघ, आपल्या घरात कुणाला किती भरीव दाखवायचं हे किती आधी ठरलेलं होतं. तुला याचा आनंद होऊ दे. माझ्या वाट्याला कधी न आलेलं असं प्रेम तुला फुकट मिळालं आहे, आणि त्याच्यावर तू तोच स्टिकर चिकटवून बाजारात उभा आहेस.

आता शेवटचं. कालच सांगायला हवं होतं, कारण हे पत्र सुरू करण्याआधीच मी ते केलं होतं.

काल सकाळी मी ऑफिसात गेले, मॉडेल उघडलं आणि सगळे डोळे उघडले. गादी भरीव केली, चौकटीचा चांदीचा रंग काढून टाकला. खटका लाल केला, वायरींची पेटी पिवळी. दोन्ही भाग एकमेकांत घुसलेले इतके स्पष्ट दिसत होते की ज्याने आयुष्यात कधी मॉडेल पाहिलं नाही त्यालाही कळावं. ते चित्र आणि चार ओळींचा मजकूर मी पलंग घेणाऱ्या तिन्ही हॉस्पिटलांना आणि वैद्यकीय साधनं तपासणाऱ्या सरकारी खात्याला पाठवला. पलंगात सुरक्षेचा खटका नाही, तो आता बसवता येत नाही, माल ताब्यात घेऊ नये. एक पलंग घरी वापरला, एक बाई जायबंदी झाली. ती बाई माझी कोण हे लिहिलं नाही. खाली माझं पूर्ण नाव आणि पद लिहिलं. चष्मेवालीचं नाव कुठेही नाही. ती राजीनामा लिहून आली होती, तो मी फाडला. तिच्यावर ढकलायचा विचार मनात असेल तर तोही फाडून टाक.

दोन हॉस्पिटलांची उत्तरं आली आहेत. माल नको. तिसरंही तेच म्हणेल.

फिटरकाकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "बरोबर केलंत ताई," म्हणाले. मग म्हणाले, "आता आमचं काय?" चाळीस पलंगांनी ही शेड बसणार आहे हे मला पाठवायच्या आधीही माहीत होतं, आणि तरी मी पाठवलं. त्याचा सगळा भार माझा. तो मी तुझ्यावर टाकत नाही.

आज सकाळी आईला सांगितलं. तिला अंधारात ठेवणं मला जमलं नसतं. ती रागावेल, रडेल असं वाटलं होतं. तिने फक्त तोंड भिंतीकडे केलं. "तू जा आता," म्हणाली. "त्याला पाठव."

खात्याची माणसं येतील. मला विचारतील, चष्मेवालीला विचारतील, आणि मग खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसतील. ती सांगेल, मी बटण दाबलं. न अडखळता सांगेल. आणि मला त्याच माणसांसमोर म्हणावं लागेल की माझी आई खोटं बोलते आहे. मी म्हणेन. तू मला ओळखतोस, माझी जीभ अडखळणार नाही. पण त्यानंतर ती मला या खोलीत येऊ देणार नाही, आणि तिला उठवायला, बसवायला, न्हाऊ घालायला तू तर असणार नाहीस.

हे टाळणं माझ्या हातात राहिलेलं नाही, तिच्याही नाही. त्यांनी विचारण्याआधी तू स्वतः येऊन सांगितलंस की खटका नव्हता, तर तिला कुणी काही विचारणार नाही. तिला बोलावंच लागणार नाही. तुझ्यासाठी मागायचं असतं तर मी मागितलं नसतं.

तिने बाहेर काढल्यापासून व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. दाराला काच आहे. तिने तोंड पुन्हा इकडे वळवलं आहे आणि दारावर नजर लावून पडली आहे. मी काचेसमोर उभी राहिले तर मान थोडी बाजूला करून माझ्या मागे बघते, कुणी येतंय का म्हणून.

'तुझी' लिहायचं की नाही, ते तू आल्यावर काय बोलतोस त्यावर ठरेल. तोवर नुसतीच

ताई